इमूची 2 पिल्लं निघाली, खातच नाहीत

वाडीवाला: भाऊ, 4 अंडी आणली होती, इन्क्युबेटरमध्ये 52 दिवसांनी काल 2 फुटली, मस्त पट्टेवाली पिल्लं आहेत पण दाण्याकडे बघतच नाहीत, घरचे म्हणतात मरतील. रात्री नागपुरात थंडी पण आहे. काय करू?

हिंगण्याचा दादा: घाबरू नका हो. पोटातला बलक जिरेपर्यंत 2-3 दिवस निघतात, उथळ भांड्यात पाणी तेवढं ठेवा. बल्ब लावा, 32-33 डिग्री. एकमेकांवर गोळा झाली तर थंडी वाजतेय, बल्बपासून पळाली तर गरम होतंय, थर्मामीटरपेक्षा हेच बघत जा.

काटोलकर: खाली काय टाकलंय? पेपर असेल तर आत्ताच काढा, माझ्या एका पिल्लाचे पाय फाकले ते त्या गुळगुळीत पेपरमुळंच, नंतर बांधून पण काही उपयोग नाही झाला. धानाचा कोंडा टाकून वरून पोतं अंथरा.

वाडीवाला: बापरे, पेपरच होता! टाकलं पोतं. ब्रॉयलरचं खाद्य चालेल का?

हिंगण्याचा दादा: नको, वजन पटकन वाढतं अन् पाय वाकतात. पळायला जागा द्या. लंगडलं तर सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजात दाखवा.