दिवाळीनंतर मुंबई–गोवा–कोची सागरी सफर: वयस्क वडिलांना जुनी बंदरे नीट पाहता येतील का?

धरमपेठची लेक

नमस्कार. माझ्या वडिलांनी नागपुरातील एका शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला. पोर्तुगीज, डच आणि मराठ्यांचे आरमार यांवर ते तासन्‌तास बोलत असत. पण बंदर त्यांनी मुलांना दाखवले ते नकाशावरच. आता त्यांचे वय ७९ आहे, चालण्यासाठी काठी लागते आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत. दिवाळीनंतरच्या आठवड्यात मुंबईहून निघून गोवा आणि कोची येथे एकेक दिवस थांबणाऱ्या जहाजाने त्यांना न्यावे, असा माझा विचार आहे. इतक्या थोड्या वेळात काय पाहावे, जहाजावरून सिंधुदुर्ग दिसेल का आणि त्या दिवसांत समुद्र कसा असतो, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

मालवणचा नागपूरकर

ताई, जहाज जेथे लागते ते बंदर आणि इतिहासातले बंदर या बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या जागा आहेत, हे आधी लक्षात घ्यावे, कारण सगळ्या वेळेचे गणित त्यावरच अवलंबून असते. गोव्यात मोठी जहाजे मुरगावला, म्हणजे जुवारी नदीच्या मुखाशी लागतात. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्ये जिंकलेले आणि पुढे पोर्तुगीज सत्तेची राजधानी झालेले जुने गोवे मात्र मांडवीच्या काठी, बरेच आत आहे. रोगराईने ते शहर ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मुरगावहून तेथे जाऊन यायलाच दोन तास सहज लागतात. धक्क्यावरील तपासणीचा वेळ आणि जहाज सुटण्याआधी परत पोहोचण्याची ठरलेली वेळ वजा केली, तर हातात जेमतेम चार-पाच तास उरतात.

म्हणून गोव्यात फक्त जुने गोवे पाहावे; पणजी आणि समुद्रकिनारे यांचा मोह टाळावा. बॉम जेझूची बॅसिलिका सगळेच पाहतात, पण तुमच्या वडिलांना मांडवीच्या धक्क्याजवळची व्हाइसरॉयची कमान आवर्जून दाखवा. वास्को द गामाच्या पणतूने, तो स्वतः व्हाइसरॉय असताना, ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारली. नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरला की याच कमानीतून शहरात प्रवेश करीत असे. तेथे उभे राहून नदीकडे पाहिले म्हणजे हे शहर पाण्याकडे तोंड करून वसले होते, हे समजावून सांगावे लागत नाही.

कोचीत अंतरे कमी आहेत. जहाज विलिंग्डन बेटाला लागते. हे बेट बंदराची खोली वाढवताना उपसलेल्या गाळातून विसाव्या शतकात तयार झाले. कोची बंदराचा जन्मही पाण्यामुळेच झाला, असे मानतात: १३४१ च्या पेरियार नदीच्या महापुराने जुने मुझिरिस बंदर निकामी केले आणि कोचीचे मुख मोकळे झाले. पूल ओलांडला की मट्टनचेरी. तेथील राजवाडा पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला. १६६३ मध्ये कोची डचांकडे गेल्यावर त्यांनी त्याची डागडुजी केली, म्हणून लोक त्याला डच पॅलेस म्हणतात. आतील भिंतींवर रामायणातील प्रसंग रंगवले आहेत. जवळच १५६८ चे ‘परदेशी सिनेगॉग’ हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे. राजवाडा शुक्रवारी आणि सिनेगॉग शनिवारी बंद असते, तेव्हा जहाज कोणत्या वारी कोचीत आहे हे आरक्षणापूर्वीच पाहून घ्या. वेळ उरल्यास फोर्ट कोचीतील सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये जा. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि त्याला येथे पुरले होते. अवशेष १५३९ मध्ये पोर्तुगालला नेले, पण थडग्याची जागा आजही दाखवतात.

सिंधुदुर्गाविषयी मात्र मला निराशाच करावी लागते, आणि मालवणचा असल्याने ते सांगताना वाईटही वाटते. ही जहाजे किनाऱ्यापासून दूर आणि बहुधा रात्री जातात. तो किल्ला पाहायचा असेल, तर वेगळी सवड काढून रस्त्याने मालवणला यावे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याच्या बांधकामाचा मुहूर्त झाला, तो किल्ला लांबून ओझरता पाहून वडिलांचे समाधान होणार नाही. लहान होडीतून चढउतार करताना मात्र दोघांनी आधार द्यावा लागेल.

अजनीची सून

मी सासूबाईंना अशाच सफरीवर नेले होते. आमची चूक ही झाली, की नागपूरहून रात्री निघून जहाज सुटण्याच्या दिवशीच मुंबईत पोहोचायचे ठरवले. गाडीला चार तास उशीर झाला आणि धक्क्यावर पोहोचेपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला. त्यामुळे आदल्या दिवशीच पोहोचावे. खोली मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी उलटी सुरू झाल्यावर फारशी उपयोगी पडत नाही, ती आधीच घ्यावी लागते. रक्तदाबाच्या औषधांबरोबर कोणती चालेल, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

सदरचा निवृत्त अभियंता

हवामानाविषयी थोडे. पावसाळ्याच्या मानाने त्या दिवसांत समुद्र बराच शांत असतो, पण निर्धास्त राहू नये. अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्याआधीचा आणि दुसरा त्यानंतरचा. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आले आणि क्यार ऑक्टोबर २०१९ मध्ये. केरळात या काळात परतीच्या वाऱ्यांचा पाऊसही पडतो, म्हणून कोचीसाठी छत्री हवीच. वादळाची सूचना आल्यास जहाज एखादे बंदर वगळू शकते. अशा वेळी पैसे परत मिळतात की नाही, हे आरक्षणाच्या अटींत वाचून घ्यावे.

धरमपेठची लेक

सर्वांचे मनापासून आभार. कोचीत शुक्रवार-शनिवार येणार नाही अशी तारीख निवडते आणि मुंबईत एक दिवस आधी पोहोचते. वडिलांना व्हाइसरॉयच्या कमानीचे सांगितले, तर त्यांनी उठून कपाटातून जुन्या टिपणांची वही काढली. सिंधुदुर्गासाठी जानेवारीत मालवणला येऊ. काका, तेव्हा तुम्हाला नक्की विचारीन.