मदत हवी आहे: वजनरहित टाकीतलं इंधन टेबलावर कसं दाखवू?

नमस्कार मंडळी,
मी नाशिकला शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या नववीच्या मुलींनी विज्ञान प्रदर्शनासाठी विषय घेतलाय: उपग्रहांमध्ये आपोआप इंधन भरणारा कक्षेतला डेपो. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा, दळणवळण उपग्रह बरेचदा जागा धरून ठेवायचं इंधन संपत आलं म्हणून निवृत्त होतो. उरलंसुरलं वापरून त्याला साधारण ३०० किलोमीटर वर ढकलतात, तेही ट्रान्सपाँडर (संदेश घेऊन परत पाठवणारं यंत्र) धडधाकट असताना! मुलींना हेच खटकलं, आणि मला त्यांचं खटकणं फार आवडलं.

जोडणी जमलीय. इस्रोचे स्पेडेक्सचे दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ ला जोडले गेले, ते बघून मुलींनी आराखडा काढला. अंबडच्या एका वर्कशॉपने दोन कड्या टर्न करून दिल्या, चुंबकाने त्या नीट बसतात. सिरिंज आणि सलाइनच्या नळीतून रंगीत पाणीही इकडून तिकडे जातं.

पण खरी गोम पुढेच आहे. वर अंतराळात द्रव तळाशी बसत नाही; भिंतींना चिकटतो, वायूत मिसळतो. मग नळीच्या तोंडाशी इंधनच येईल, वायू नाही, हे कसं साधायचं? टाकीत रबरी पडदा असतो किंवा पातळ पात्या, ज्यांच्या कोपऱ्यांतून पृष्ठताणामुळे द्रव तोंडाकडे खेचला जातो. पडदा फुग्याने दाखवू. पात्यांचं काय करू? नुसता तक्ता टांगायचा नाहीये. आणि किती इंधन उरलं, ते कसं मोजून दाखवायचं?

प्रतिसाद १
ताई, बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञ प्लातोचा प्रयोग करा. पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून घनता खाद्यतेलाइतकी, म्हणजे ०.९२ च्या आसपास आणा. रंगवलेलं तेल मध्यभागी सोडलं की गोळा होऊन तरंगतं. वर जायला लागलं तर अल्कोहोल वाढवा, खाली गेलं तर पाणी. तेल म्हणजे इंधन, मिश्रण म्हणजे वायू. आता प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांना तेलाचा हात लावून त्या अरुंद कोनात जोडा आणि गोळ्याला टेकवा. तेल कोपऱ्यात शिरताना दिसायला हवं. अल्कोहोल पेट घेतं, मिश्रण तुम्ही स्वतःच करा, खिडक्या उघड्या ठेवून.

प्रतिसाद २
मोजणी दाबावरून दाखवा. घट्ट बंद बाटलीत सिरिंजने ठरावीक हवा ढकला आणि दाबमापक बघा. पाणी जास्त असेल तर हवेला जागा कमी, म्हणून दाब जास्त चढतो. बाटली उलटी करा, आडवी करा, आकडा जवळपास तोच येतो. उपग्रहातही वायूचा दाब आणि तापमान यांवरून उरलेल्या इंधनाचा हिशेब लावतात. आणि मुलींना २००७ चं ऑर्बिटल एक्सप्रेस नक्की सांगा: दोन अमेरिकी उपग्रहांनी कक्षेत आपसांत हायड्रॅझिन हे इंधन भरून दाखवलं होतं.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार! शेंगदाणा तेल चालेल ना? घरात तेच आहे.

प्रतिसाद १
चालेल. फक्त मिश्रण गार होऊ द्या, ढवळल्यावर ते कोमट होतं आणि घनता बदलते.