न मारता शिकवलं: आपापल्या घरचे अनुभव लिहा

भुरीची आई, गंगापूर रोड

आमची भुरी गावठी कुत्री, मागच्या बांधकामावर सापडलेली. पाहुणा आला की हिचे पुढचे पाय थेट त्याच्या छातीवर. मग "ए, खाली! खाली उतर!" असा सगळ्यांचा एकदम आरडाओरडा आणि ढकलाढकली. तिला वाटायचं, काय मस्त खेळ चाललाय! सहा महिने आम्हीच तिला उड्या मारायला शिकवत होतो, हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

मग पद्धत बदलली. भुरी उडाली की पाठ फिरवायची, अवाक्षर काढायचं नाही. चारही पाय टेकले की त्याच क्षणी "शाब्बास" आणि उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा, तोही खाली जमिनीलगत, म्हणजे तोंड वर येत नाही. सगळी गंमत त्या क्षणात आहे. स्वयंपाकघरातून तुकडा आणेपर्यंत ती पुन्हा उडालेली असते आणि बक्षीस उडीलाच मिळतं. म्हणून चपलांच्या रॅकवरच डबी ठेवली. तीन आठवड्यांनी गॅसवाला आला, तेव्हा ही बसल्या जागी शेपटीनं फरशी झाडत होती.

तुमच्याकडचे अनुभव लिहा. काय चुकलं तेही लिहा, त्याचाच जास्त उपयोग होतो.

टायगरचा दादा, सिडको

घराजवळच्या मैदानावर गणपतीआधी ढोलपथकाचा सराव असतो. नाशिक ढोल म्हणजे काय ते सांगायला नको, खिडकीच्या काचा थरथरतात. टायगर पलंगाखाली शिरायचा आणि रात्री उशिरापर्यंत बाहेर यायचा नाही. पहिल्या वर्षी "सवय होईल" म्हणून मी त्याला ओढत मैदानाजवळ नेलं. ती माझी मोठी चूक. त्यानंतर तो मैदानाकडच्या गल्लीतच पाऊल टाकेना.

पुढच्या वर्षी सरावाच्या दोन महिने आधी सुरुवात केली. मोबाईलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक लावायचा, आणि तो चालू असेपर्यंत पनीर द्यायचं. आवाज बंद, पनीर बंद. दर दोन-तीन दिवसांनी आवाज किंचित वाढवायचा. खूण एकच: तो खातोय ना? कुत्रा घाबरला की आवडीचा खाऊसुद्धा तोंडात घेत नाही. तोंड फिरवलं की आपण घाई केली असं समजायचं आणि मागे यायचं. सराव सुरू झाल्यावर आम्ही चार गल्ल्या लांबून सुरुवात केली आणि हळूहळू दोन गल्ल्यांवर आलो. मैदानापर्यंत अजून नाही गेलो. पण यंदा विसर्जनाच्या दिवशी तो हॉलमध्ये माझ्या पायाशी बसला होता, पलंगाखाली नाही.

मन्याची मावशी, इंदिरानगर

मांजराला शिकवता येत नाही म्हणतात ना, ते खोटं आहे. मन्याची नखं कापायला आधी दोघं लागायची, एक टॉवेल आणि डेटॉल. आता एक नख, एक सुका जवळा. तिसऱ्या नखाला उठून गेला तर जाऊ द्यायचा. उरलेली उद्या.

मोत्याचा मालक, मखमलाबाद

ताई, खाऊबद्दल एक सांगायचंच आहे. आमचा द्राक्षबाग. सुट्टीत आलेल्या भाच्यांनी मोत्याला शेकहँड शिकवला आणि बक्षीस म्हणून मूठ मूठ बेदाणे चारले. संध्याकाळी उलट्या सुरू. डॉक्टर म्हणाले, द्राक्षं आणि बेदाणे दोन्ही कुत्र्याला विषासारखे, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही. तीन दिवस सलाईन लावलं तेव्हा वाचला. कांदा-लसूणही वाईट, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या नाशकात ह्या गोष्टी घराघरांत, शेताबांधावर पडलेल्या असतात, म्हणून कळकळीनं लिहितोय. आम्ही आता गाजराचे तुकडे नाहीतर उकडलेलं अंडं देतो.

शेराचे आजोबा, देवळाली कॅम्प

मी फौजेतून निवृत्त. आमचा जर्मन शेफर्ड जेवताना कुणी जवळ गेलं की गुरगुरायचा. दर वेळी मी त्याला फटका द्यायचो. गुरगुरणं थांबलं. मला वाटलं, शिस्त लागली. प्रत्यक्षात मी त्याची धोक्याची घंटाच काढून घेतली होती. एका दुपारी नातू ताटलीजवळून गेला आणि शेरानं आवाज न करता त्याचं मनगट धरलं. हात पंधरा मिनिटं साबणानं, वाहत्या पाण्याखाली धुतला, लगेच इंजेक्शनं सुरू केली. नातू बरा आहे. पण दोष कुत्र्याचा नव्हता, माझा होता, आणि तो मला मान्य आहे.

मग जाणकाराला घरी बोलावलं. त्यांनी सांगितलं तसं शेरा जेवत असताना मी लांबून जायचो, ताटलीत चिकनचा तुकडा टाकायचो आणि न थांबता पुढे निघायचो. रोज थोडं जवळून. माणूस आला की जेवण जातं असं त्याला वाटायचं. आता माणूस आला की जेवणात भर पडते. मुलांना मात्र तेव्हा जवळ जाऊ देत नाही. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला कृपा करून मारू नका. तो सांगतोय, ऐका.

ब्रूनोचा बाबा, कॉलेज रोड

आमचा लॅब्राडॉर पट्टा ओढतो. खाऊ दाखवला की नीट चालतो, खिसा रिकामा दिसला की पुन्हा तेच. जन्मभर खिशात चिकन ठेवायचं का?

भुरीची आई, गंगापूर रोड

दादा, खाऊ आधी दाखवला तर ती लाच होते. आधी काम, मग खिशात हात. पक्कं जमलं की कधी द्यायचा, कधी नुसतं "शाब्बास". मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर हेच पाहिलं: बक्षीस अधूनमधून मिळालं तर सवय जास्त टिकते. उलटही खरं. दहा वेळा ओढून एकदा जरी पुढे जायला मिळालं तरी ओढणं पक्कं होतं. पट्टा ताणला की झाडासारखं उभं राहा. सैल झाला की चाला. त्याला पुढे जायचंय ना, मग पुढे जाणं हेच त्याचं बक्षीस.

ब्रूनोचा बाबा, कॉलेज रोड

बारा दिवस झाले. पहिल्या दिवशी सोसायटीच्या गेटपर्यंत जायला वीस मिनिटं लागली, लोक थांबून बघत होते. आज गोदापार्कवर आत शिरल्यापासून पहिल्या बाकापर्यंत पट्टा सैल होता. बाकाजवळ त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. खिशात काही नव्हतं, म्हणून खाली बसून दोन्ही कान खाजवले.