कोकराचं पोट रिकामंच होत नाहीये, औषध काय द्यावं?

जतकर: ६ दिवसांचं माडग्याळ जातीच्या मेंढीचं कोकरू आहे, दोन दिवस हगवण होती, आता सकाळी पाजलेलं दूध दुपारपर्यंत पोटातच, पोट टम्म, हलवलं की डचमळतं आणि चोखत पण नाही. मेडिकलवाला मेटोक्लोप्रामाइड (उलटी थांबवायचं, जठर हलवायचं औषध) दे म्हणतोय, देऊ का?

मेंढपाळ_भाऊ: दादा मनाने नका देऊ. वासरांवरच्या प्रयोगात एरिथ्रोमायसिन किलोमागे ८.८ मिग्रॅ स्नायूत दिल्यावर चौथं पोट (दूध पचतं ते खरं जठर) लवकर रिकामं झालं, मेटोक्लोप्रामाइडने तसा फरक पडला नाही, वर डोस जास्त झाला तर डोक्यावर परिणाम होतो. एरिथ्रो मोटिलिनसारखं (आतडं हलवणाऱ्या शरीरातल्या संप्रेरकासारखं) काम करून जठर हलवतं, पण ते अँटिबायोटिक आहे, कोकराचा डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पशुसेवक: आधी थर्मामीटर लावा!! अंग ३७ डिग्रीच्या खाली असेल तर नळीने दूध अजिबात नको, गार कोकराचं पोट चालतच नाही, दुधाआधी ऊब हवी, पण एवढ्या दिवसांच्या गार कोकराला शेकण्याआधी डॉक्टरांकडून ग्लुकोज द्यावं लागतं. हगवणीने सुकलं असेल तर सलाईन लागेल, त्याशिवाय इंजेक्शनचा उपयोग कमीच.

जतकर: ३६.४ आलं, गोणपाटात गुंडाळून ठेवलंय, डॉक्टर निघालेत.