अवघड जागेची गाठ : तुम्ही डॉक्टरांकडे कधी गेलात?

मागच्या वर्षी अंघोळ करताना योनीमार्गाच्या तोंडाशी, डाव्या बाजूला, वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून कुणाला बोलले नाही. तीन आठवड्यांनी मात्र दोन दिवसांत ती लिंबाएवढी झाली. बसवेना, चालवेना, अंगात ताप. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी बघताक्षणी ओळखलं. योनीच्या तोंडाशी ओलावा देणाऱ्या छोट्या बार्थोलिन ग्रंथीची नळी तुंबून गाठ झाली होती आणि आता तिच्यात पू धरला होता. जागा बधिर करून छेद दिला, पू काढला, तोंड लगेच मिटू नये म्हणून आत बारीक रबरी नळी ठेवली. ती चार आठवडे होती. दुखत नव्हती तेव्हाच गेले असते तर कदाचित कोमट पाण्यात बसण्यावर भागलं असतं, असं बाई म्हणाल्या. तुमचेही अनुभव लिहा. नाव नको, फक्त काय दिसलं आणि किती दिवस थांबलात ते.

*

ताई, मला अगदी याच जागी गाठ आली, पण वय 46. माझ्या डॉक्टरांनी नुसता पू काढला नाही, तुकडा तपासायलाही पाठवला. चाळिशीनंतर त्या जागी नव्याने गाठ आली तर कर्करोग नाही ना, हे बघावंच लागतं म्हणाले. अहवाल चांगला आला. ते आठ दिवस मात्र कसे काढले, माझं मला माहीत.

*

मी पुरुष आहे, इथे लिहिलं तर चालेल ना? वयाच्या 27व्या वर्षी उजव्या वृषणावर खड्यासारखा कडक भाग लागला. दुखणं शून्य. ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ असं धरून चार महिने घालवले, आणि त्याचंच मला आजही वाईट वाटतं. वृषणाच्या कर्करोगाची गाठ बहुतेकदा दुखतच नाही, आणि तो तरुण वयातच जास्त होतो. सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या. मग जांघेत छेद घेऊन ते वृषण काढलं. केमोआधी वीर्य गोठवून ठेवायचा सल्ला मिळाला, तो मी ऐकला. तीन वर्षं झाली, मी ठीक आहे. अंडकोषातली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. मित्राची निघाली पाण्याची. पण ते हाताने चाचपून घरी ठरत नाही, सोनोग्राफीत कळतं.

*

दाढीच्या ब्लेडने केस काढल्यावर पुळी आली, आत वळलेला केस होता. मी ती पिळली आणि गळू झालं. पिळू नका, एवढंच.

*

माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला गाठ नव्हती, पण पहाटे अंडकोषात एका बाजूला एकदम असह्य कळ आली, सूज आणि उलट्या. सकाळी दाखवू म्हणत होतो, सासूबाईंनी हट्टाने तेव्हाच न्यायला लावलं. वृषणाला पीळ पडला होता. साधारण सहा तासांत पीळ सुटला तर ते वाचण्याची शक्यता चांगली असते. आम्ही चौथ्या तासाला पोचलो होतो.

*

मी साठीची. अंग, म्हणजे गर्भाशय, योनीतून बाहेर येत होतं. संध्याकाळी गोळा खाली उतरायचा, आडवं पडलं की आत जायचा. कॅन्सरच म्हणून धास्तावले आणि दोन वर्षं सुनेलासुद्धा सांगितलं नाही. डॉक्टरांनी आत अंग वर धरून ठेवणारी एक रिंग बसवून दिली. ऑपरेशन लागलं नाही.

*

काकू, मलाही उद्या जायचंय. पण नाव नोंदवताना सगळ्यांसमोर काय सांगू?

*

‘खाजगी तपासणी आहे, डॉक्टरांनाच सांगेन’ एवढं म्हण गं. मी तेच म्हटलं होतं, कुणी पुढे विचारलं नाही. तपासताना सोबत बाई हवी असेल तर तेही माग. आणि गाठ कधी दिसली, वाढली का, हे कागदावर लिहून ने, आत गेल्यावर आठवत नाही.