माळ्यावरचे तवे: जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांनो, इथे लिहा

रेशीमबागकर
कूलर उतरवायला माळा उघडला आणि मागे तव्यांची पेटी दिसली. चावीच्या बाजाची (ग्रामोफोनची) ती खर्रखर्र एकदम कानात आली. तुम्ही तवे कसे सांभाळता, काय बिघडतं, सगळं लिहा.
सुरुवात मी करतो. आधी तवा लाखेचा की प्लास्टिकचा ते ओळखा. 78 चे (मिनिटाला 78 फेरे घेणारे) बहुतेक तवे लाख, दगडाची भुकटी आणि काजळी मिळून केलेले असतात. जड आणि ठिसूळ, हातून सुटला की दोन तुकडे. आपल्याकडे साठच्या दशकातही ते निघत होते, म्हणून नुसतं गाण्याचं साल बघून ठरवू नका. लाख स्पिरिटात विरघळते. स्पिरिटचा बोळा फिरवला की चरे गेलेच! साधं पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, मग डिस्टिल्ड वॉटर. लेबल कोरडं ठेवा, लगेच पुसा आणि सावलीत वाळवा. एलपीला, म्हणजे 33⅓ फेऱ्यांच्या प्लास्टिकच्या रेकॉर्डला, मात्र चार भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं.

खसताटी
कूलरच्या वाऱ्यात ठेवू नका बाप्पा. ओल धरते, कव्हरवर बुरशी येते.

सुई_७८
काहून कोणी सुईचं बोलून नाही राहिलं? 78 ला साधारण 75 मायक्रॉनची सुई लागते, एलपीला 18 ते 25. एलपीची सुई 78 वर लावली तर ती चरीच्या तळाशी, धुळीत घासत जाते. खरखर तवा खराब म्हणून नाही, सुई चुकली म्हणून येते. उलट केलं तर एलपी कायमची जाते. जुन्या प्लेअरच्या हेडवर छोटी खिटी असते, ती फिरवली की सुई बदलते. ती कोणत्या बाजूला आहे ते दर वेळी बघा.
चावीच्या बाजावर स्टीलची सुई एका बाजूला एकच. तव्यातली दगडाची भुकटी सुईला घासून तिला कडा आणते, मग त्याच कडा पुढची चर कापतात. सुया स्वस्त आहेत, तवा परत मिळत नाही. आणि त्या बाजावर एलपी कधीच नको, त्याच्या सुई धरणाऱ्या डोक्याचं वजन तिला झेपत नाही.

धंतोली_काकू
@खसताटी, कूलरला खस चांगला की गवत? यंदा लवकरच तापून राहिलं.

खसताटी
काकू, खस. पण रोज पाणी मारा, नाहीतर आठ दिवसांत वास मारतो.

इतवारीवाला
विकत घेताना तवा तिरप्या उजेडात धरा. चरी काळ्या चकचकीत हव्यात, करड्या दिसल्या तर झिजलेल्या. काठापासून केसासारखी चीर आहे का ते बोटाने चाचपा. माठ वाजवून घेतो तसं हलकंच टिचकी मारून बघा, चिरलेला तवा भद्द वाजतो. मधलं भोक मोठं झालं असेल तर सूर डुलतो.

पन्नास_हर्ट्झ
वेगाची तपासणी फुकटात होते. कागदाच्या गोल तुकड्यावर 78 साठी 77 काळ्या रेघा, 33⅓ साठी 180. आपली वीज 50 हर्ट्झची, दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. वेग बरोबर असेल तर रेघा थांबल्यासारख्या दिसतात. चोकची जुनी ट्यूब लावा, बऱ्याच एलईडीखाली हे दिसत नाही. रेघा मागे सरकत असतील तर आधी आतल्या रबरी चाकावरचं तेल पुसा.
फार जुन्या तव्यांना मात्र हा कागद पुरत नाही. भारतात तव्यांसाठी पहिलं ध्वनिमुद्रण 1902 चं, गायिका गौहर जान त्यातल्याच. तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं वेग नेमका 78 नसायचा. तिथे कानावरच जावं लागतं, आवाज माणसाचा वाटेपर्यंत वेग कमीजास्त करा. 1925 च्या आधीचे तवे भोंग्यात गाऊन भरलेले, त्यात खर्ज कमीच. टोनची बटणं पिळून तो येणार नाही.

रेशीमबागकर
@पन्नास_हर्ट्झ लय कामाचं लिहिलं दादा. बाजा मध्येच धाड करून अडतो, ते काय?

पन्नास_हर्ट्झ
स्प्रिंगचं ग्रीस वाळलंय. गुंडाळ्या चिकटतात आणि एकदम सुटतात. ग्रॅफाइट ग्रीस लागेल. पण डबा स्वतः उघडू नका भाऊ, आतली स्प्रिंग हात फाडते. आवाज चरचरत असेल तर डोक्यातल्या अभ्रकाच्या चकतीभोवतीचं रबर कडक झालंय, ते बदलता येतं.

महाल_मुक्काम
मे महिन्यात एलपी गाडीत विसरू नका. आपल्या उन्हात बंद गाडीत ती पापडासारखी वळते. वाकलीच तर दोन सपाट काचांत, वर वजन, घरातच, काही दिवस. उन्हात ठेवून सरळ करायला जाऊ नका, चरीच बसतात. रेकॉर्ड उभ्या ठेवा. दहा इंची आणि बारा इंची वेगळ्या रांगेत, नाहीतर मोठी छोटीवर कलून वाकते. जुनी जाड प्लास्टिकची कव्हरं काढून टाका, उन्हाळ्यात ती रेकॉर्डला चिकटून धुरकट डाग पाडतात. आत साधा कागद बरा.

धंतोली_काकू
बाई गं, आमच्याकडे सगळ्या त्याच कव्हरांत आहेत! दुपारी काढतेच. डाग पडलेला असेल तर जातो का?

महाल_मुक्काम
नाही जात काकू. बाकीच्या वाचतील, आजच काढा.