दुबईहून येणारे डॉलर मध्येच कापले जातात, उपाय सांगा

चाटीगल्ली
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून आमचे टेरी टॉवेल दुबईला जातात. इन्व्हॉइस १२,००० डॉलरचं, जमा झाले ११,९६०, तेही सहाव्या दिवशी. गिऱ्हाईक म्हणतं पूर्ण पाठवले, आमची शाखा म्हणते आम्ही काही कापलं नाही. पुढच्या खेपेला काय करू?

नावेजमा
दोघंही खरं बोलतायत. दुबईचे डॉलर सोलापूरला न्यूयॉर्कमार्गे येतात. तुमच्या बँकेचं तिथल्या मोठ्या बँकेत डॉलर खातं असतं, त्याला नॉस्ट्रो म्हणतात. दुबईच्या बँकेचंही असतं. दोन्ही खाती एकाच बँकेत असली तर एकात नावे, दुसऱ्यात जमा, काम झालं. वेगळ्या बँकांत असली तर त्यांच्यातला हिशेब चिप्स किंवा फेडवायर या अमेरिकेतल्या डॉलर-व्यवस्थांवर मिटतो. स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या निरोपाच्या जाळ्यावरून, पैसा जातच नाही, फक्त निरोप जातो. तुमचे ४० डॉलर बहुधा मधल्या बँकांनी वाटेतच रकमेतून काढून घेतलेत.

गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर खर्चाचा रकाना असतो. तिथं ‘एसएचए’ (खर्च दोघांत वाटून) असलं की मधल्यांचा खर्च तुमच्या माथी. ‘ओयूआर’ (सगळा खर्च पाठवणाऱ्याचा) लिहून घ्या आणि ही अट प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवरच (माल जाण्याआधीच्या कच्च्या बिलावर) टाका, नंतर कुणी ऐकत नाही.

पेठेतला
उशिराचं कारण बऱ्याचदा आपल्याच बँकेच्या फॉरेक्स शाखेत सापडतं, तपशील जुळला नाही की रक्कम तिथं थांबते. प्रोफॉर्मावर हे छापा: खात्याचं नाव पासबुकात आहे तसंच अक्षर न् अक्षर, खाते क्रमांक, आयएफएससी, स्विफ्ट कोड आणि तुमच्या बँकेच्या न्यूयॉर्कच्या बँकेचं नाव. सोलापूरच्या शाखेला बहुधा स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. फॉरेक्स शाखेचा कोड लागतो, तो शाखेतून लेखी घ्या. आयबॅन (काही देशांतला आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) भारतात नाही, फॉर्मने मागितला तर खाते क्रमांक द्यायचा.

रक्कम आली तरी पर्पज कोड (पैसे कशाचे ते सांगणारा कोड) आणि इन्व्हॉइस दिल्याशिवाय बँक रुपये करत नाही. आगाऊ रकमेला पी०१०३, कलेक्शनवरच्या (बँकेमार्फत वसुलीला पाठवलेल्या) बिलाला पी०१०२. हे पत्र आधीच देऊन ठेवा. आणि रुपये करण्याआधी फोनवर भाव विचारा! गप्प बसलात की बँकेचा ठरलेला कार्ड रेट लागतो, १२,००० डॉलरवर तो फरक ४० डॉलरपेक्षा जड जाऊ शकतो.

चाटीगल्ली
पैसे नेमके कुठं अडकलेत हे कळायचं कसं?

नावेजमा
गिऱ्हाइकाकडून त्याच्या बँकेने पाठवलेल्या स्विफ्ट निरोपाची प्रत मागा. ‘पाठवले’ असा बँकेच्या ॲपचा स्क्रीनशॉट उपयोगाचा नाही. पूर्वी एमटी १०३ हा निरोपाचा नमुना मागायचे. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी पॅक्स ००८ आलंय, त्यात ‘ओयूआर’ला ‘डेट’ (DEBT) आणि ‘एसएचए’ला ‘शार’ (SHAR) म्हणतात. प्रतीवर यूईटीआर, म्हणजे व्यवहाराचा माग काढायचा क्रमांक, असतो, रेघांसकट ३६ अक्षरांचा. तो शाखेला दिलात की कुठल्या बँकेपाशी रक्कम थांबलीय आणि कुणी किती कापलं, हे बहुतेक वेळा दिसतं. आणि शुक्रवारी दुबईच्या बँकेची कट-ऑफ (त्या दिवशीची शेवटची वेळ) चुकली की सोमवारच उजाडतो.

चाटीगल्ली
शिपिंग बिल (कस्टम्सला दिलेला निर्यातीचा कागद) १२,००० चं आहे. ४० चा फरक तसाच राहील?

पेठेतला
राहू देऊ नका. ते ४० ‘परदेशी बँक खर्च’ म्हणून ईडीपीएमएसमध्ये (निर्यातीचे पैसे आले का हे पाहणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत) नोंदवायला बँकेला पत्र द्या, सोबत निरोपाची प्रत जोडा. नाहीतर बिल थकीत दिसत राहतं आणि पुढची बिलं बँकेत सादर करताना हेच उकरून काढतात. खातं स्थानिक सहकारी बँकेत असेल तर तिला परकीय चलनाचा परवाना आहे का हे आधी विचारा. नसेल तर निर्यातीपुरतं चालू खातं परवाना असलेल्या बँकेत उघडा आणि तिचाच एडी कोड (परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेचा कोड) न्हावा शेवा बंदराच्या कस्टम्सकडे नोंदवा.